मेडलच्या कडेवर कोरलेला नंबर

नमस्कार, श्रोतेहो.

आज १४ जानेवारी. तिळगूळ, हलव्याचे दागिने, वाणाच्या याद्या यांत एक गोष्ट मागे पडते: आज माजी सैनिक दिनही असतो. भारतीय लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून हा दिवस धरला आहे. ठिकठिकाणी सत्कार होतील. शाल, श्रीफळ, आणि प्रमुख पाहुण्यांना दोन तास उशीर. ऐंशीच्या पुढच्या सुभेदारसाहेबांना तोवर उन्हात बसवून ठेवायचं आणि मग माईकवरून म्हणायचं, ‘यांचं ऋण फिटणार नाही.’ ऋण राहू द्या हो, खुर्ची तेवढी सावलीत सरकवा.

असो. आज बोलायचं आहे ते घरातल्या सैनिकाबद्दल. आजोबा मिलिटरीत होते, पणजोबा लढाईवर गेले होते, एवढं प्रत्येक घराला ठाऊक असतं. कुठली लढाई, कुठली पलटण, असं विचारलं की घर गप्प होतं. फोटोला हार घातलेला असतो, पण फोटोतल्या माणसाने केलं काय, ते कुणाला सांगता येत नाही.

ते शोधायला तीन गोष्टी लागतात. सैनिकाचा लष्करातला नंबर, नाव, पलटण. कागद हाताशी असेल तर लिहून ठेवा: नंबर, नाव, पलटण.

या तिन्ही गोष्टी बहुतेकदा घरातच असतात. मेडल देव्हाऱ्याच्या खणात नाहीतर बांगड्यांच्या डब्यात पडलेलं असतं. त्याचा दर्शनी भाग सगळे बघतात, कड कुणी बघत नाही. गोल मेडल रुपयासारखं उभं धरा आणि मोबाईलची बॅटरी बाजूने, तिरपी मारा. समोरून उजेड पाडलात तर धातू चमकतो आणि अक्षरं बुडतात. तिरप्या उजेडात, कोरलेली असतील तर, बारीक इंग्रजी अक्षरं वर येतील: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. अक्षरं झिजली असतील तर पातळ बटर पेपरची पट्टी कडेला घट्ट धरून वरून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा. तारेच्या आकाराचं मेडल असेल तर मागची बाजू पाहा.

आता मेडलवरचा राजा बघा. दाढीवाला असेल तर तो पाचवा जॉर्ज, म्हणजे बहुधा पहिलं महायुद्ध. दाढी नसेल तर सहावा जॉर्ज, म्हणजे दुसरं. पंख असलेली देवी आणि इंद्रधनुष्यासारखी फीत असेल तर तेही पहिल्या महायुद्धाचं. घरात ‘पणजोबा पहिल्या महायुद्धात होते’ असं तीन पिढ्या सांगत आलेले असतात आणि मेडलवर राजा बिनदाढीचा निघतो. हे नेहमीचंच आहे, वाईट वाटून घेऊ नका.

मेडल घासू मात्र नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, पितांबरी तर नकोच. पितळेच्या समईची सवय हाताला असते, पण दर दिवाळीला मेडल घासलं की कडेवरची अक्षरं थोडी थोडी जातात, आणि अक्षरं गेली की नंबर गेला. पहिल्या महायुद्धाचं राजाच्या मुखवट्याचं मेडल शिपायांसाठी चांदीचं होतं. अडीअडचणीला अशी मेडलं सोनाराकडे वजनावर गेली, आणि त्यांच्याबरोबर नंबरही मुशीत वितळले.

नंबर, नाव, पलटण यांवर मी इतका अडून का बसतो, ते सांगायला तुम्हाला इटलीत न्यावं लागेल. सेनिओ नावाच्या नदीवर.

नदी म्हटल्यावर कृष्णा-गोदावरी डोळ्यांपुढे आणू नका. लढाई झाली त्या जागी सेनिओ जेमतेम १५ फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. आपल्याकडे त्याला ओढा म्हणतील. पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे बांध होते, ३० ते ३५ फूट उंच, भिंतीसारखे उभे. तीन मजली इमारत समोर, तीन मजली इमारत मागे आणि मधून पाणी, असं समजा. या बांधांच्या पोटात जर्मनांनी उंदरांसारखी बिळं केली होती आणि बिळांत मशीनगन होत्या. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर त्या बिळांच्या वर सुरुंगांचा पट्टा होता.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ. मराठा पलटणीची पहिली बटालियन. एका कंपनीने पूर्वेचा बांध घ्यायचा आणि तीनच मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा. कंपनी कमांडरबरोबर एक रनर होता. रनर म्हणजे निरोप्या. वायरलेस बंद पडला, तार तुटली, की गोळीबारातून चिठ्ठी घेऊन धावणारा शिपाई. हुद्द्याच्या शिडीवर याच्या खाली कुणी नाही. हा रनर होता नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा.

कमांडरची तुकडी पाण्यातून पलीकडे निघाली आणि पाठीमागून गोळ्या आल्या. पाठीमागून, हे ध्यानात घ्या. जो बांध आताच ओलांडला, त्याच्याच आतल्या अंगाला किमान तीन मशीनगन होत्या. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे जागीच गेले. धड राहिला एकटा नामदेव.

त्याने एका जखमीला उचललं. छातीएवढ्या पाण्यातून परत आला, तो उभा बांध चढला, सुरुंगांचा पट्टा पार केला आणि जखमीला पलीकडे सुरक्षित उतरवलं. अंगावर माणूस घेऊन ३० फूट निसरडी माती चढायची, आणि पाय पडेल तिथे सुरुंग असू शकतो. मग तो पुन्हा खाली आला आणि दुसऱ्याला घेऊन गेला. दोन्ही खेपांना वरून तोफगोळे, समोरून मशीनगन. एवढं करून तो बांधाआड बसला असता, तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

तो तिसऱ्यांदा बांधावर चढला. जवळच्या मशीनगनवर सरळ धावून गेला आणि टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, ती गप्प केली. पण हातात गोळी लागली. त्या हाताने टॉमीगन चालेना. ती टाकून दिली आणि हातबॉम्ब काढले. हातबॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेला, पलीकडच्या उतारावर पडून असलेल्या सोबत्यांकडून आणखी घेतले आणि पुन्हा आत उतरला. अशा दोन मशीनगन आणखी बंद केल्या. एक हात निकामी, आणि बॉम्ब संपले म्हणून मागायला येतो, जसं आपण शेजारी विरजण मागायला जातो. मला हा प्रसंग सांगताना सगळ्यांत जास्त हीच जागा आवडते.

पूर्वेचा बांध शांत झाला. मग हा शिपाई माथ्यावर उघड्यावर उभा राहिला, वरून तोफगोळे पडत असताना, आणि मराठ्यांची रणगर्जना करत, हात हलवत मागच्या कंपन्यांना बोलावू लागला. या, वाट मोकळी आहे. त्या आल्या, नदी पार झाली. इटलीतली लढाई २ मे रोजी थांबली, म्हणजे तिथून साधारण तीन आठवड्यांनी. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या अली हैदर नावाच्या पठाण शिपायानेही असाच पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. आज एकाची आठवण भारतात निघते, दुसऱ्याची पाकिस्तानात. नदी मात्र तीच.

आता मुद्द्यावर येतो. एवढं सगळं आपल्याला मिनिटामिनिटाने माहीत आहे, कारण ते तेव्हाच लिहून ठेवलं गेलं. आणि त्या सरकारी कागदावर जाधव हे नाव कसं छापलंय? शेवटी व्हीऐवजी ओ. ‘जाधाओ’ असं वाचलं जाईल असं. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याचं नाव असं, तर तुमच्या पणजोबांचं कसं असेल? शिंद्यांचे सिंधे होतात, भिवाच्या मागे कधी डब्ल्यू लागतो कधी व्ही, आणि कितीकांचं आडनाव लिहिलेलंच नसतं, नुसता गणू नाहीतर रामा. नाव दगा देतं, नंबर देत नाही. म्हणून आधी नंबर, मग नाव, मग पलटण.

पलटणीचं पाहू. कडेवर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ आणि पुढे मराठा असेल, तर ती १९२२ पूर्वीची नावं. पुढे त्या सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३, ११० आणि ११७ या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. ‘पणजोबा बसऱ्याला होते’ असं घरात म्हणत असतील तर हे आकडे आधी शोधा. १११ महार असेल तर ती पलटण १९१७ मध्ये उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. स्वातंत्र्यानंतरची मेडलं सोपी आहेत, नावातच उत्तर असतं: पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ला बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी स्टार म्हणजे पाकिस्तान सीमेवर, समर सेवा स्टार म्हणजे १९६५.

जे परत आलेच नाहीत, त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत इंटरनेटवर शोधता येतात. शोधताना आडनाव टाकू नका. पहिलं नाव आणि पलटण टाका. पुष्कळदा पुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो. बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर मात्र शोधू नका. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. अमुक इतके इतर. गावात जुनी चावडी असेल तर तिथेही बघून या. कित्येक गावांत भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. तिच्यावर चुना फासलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसा, खरवडू नका.

जे परत आले, त्यांचे कागद पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठ्यांचं बेळगावला, महारांचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांचं, खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीचं आणि सुटण्याचं अंदाजे साल लिहा, तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. गाव तेव्हाच्या जिल्ह्यासकट लिहा, कारण कागद तेव्हाचे आहेत. माणगाव रायगडात शोधलं तर सापडणार नाही, कुलाब्यात सापडेल. सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान होतं. डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेलं पुस्तक, घरात असेल तर त्याची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत हातातून सोडू नका. आणि ते लॅमिनेट करू नका, कृपा करा. लॅमिनेशनवाले एक दिवस सगळा इतिहास प्लास्टिकमध्ये उकडणार आहेत. घड्या पडलेला कागद गरम रोलरमधून गेला की शाई पसरते, आणि ते प्लास्टिक परत निघत नाही.

हयात असलेल्यांसाठी एकच काम सांगतो. आजींची कौटुंबिक पेन्शन असेल तर त्यांचा जन्मदिनांक पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर, आहे का बघा. वयाला ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला १०० टक्के. पण जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर ही वाढ सुरू होणार कशी? माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, आधारवर तिसरंच, अशीही गाठ असते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पासबुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कॅन्टीनचं कार्ड मागायला माजी सैनिक सगळ्यांना आठवतो, या कामाला कुणी बरोबर येत नाही.

आणि आजोबा हयात असतील तर त्यांना ‘किती शत्रू मारले’ असं विचारू नका. बोलतं घर बंद होतं. लंगरात काय मिळायचं, सुट्टीवर येताना गाडी कुठे बदलायची, पहिली मनिऑर्डर कितीची होती, हे विचारा.

मेडल गेलं, कागद गेले, तरी ट्रंक बघा. माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक, ज्यात आता गोधड्या असतील. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहायची पलटणीत रीत असते. गंज दिसतो म्हणून तिला दसऱ्याला ऑइलपेंट मारतात, आणि मजकूर खाली जातो. रंग मारलेला असला तर घाई करू नका. झाकण उन्हात तिरपं धरा, जुन्या अक्षरांची जाडी वरच्या रंगातूनही दिसते. फोटो काढा, नंबर उतरवून घ्या, मग गोधड्या परत आत ठेवा.