राजा कवच घालायला विसरला

श्रोतेहो, नमस्कार. जेवणं उरकली असतील, ओटा पुसून झाला असेल, आणि आतल्या खोलीत घरातलं एखादं कार्टं कानाला हेडफोन लावून ओरडत असेल, "अरे मार, मार त्याला!" बाहेर आईच्या पोटात गोळा. आज त्या आतल्या खोलीविषयी बोलायचं आहे. ऑनलाइन खेळात माणसं सोंग घेतात, कुणी शूर सरदार होतं, कुणी दरोडेखोर. सोंग म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार?

माझं म्हणणं एवढंच, की खेळात दुष्ट होणं निराळं आणि समोर खेळणाऱ्या माणसाशी दुष्टपणा करणं निराळं. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. खेळात दुष्ट होणं निराळं, खेळणाऱ्याशी दुष्टपणा निराळा.

आता ती गोष्ट. ही मी भेटेल त्याला सांगतो. आमच्या घरात मी "एक राजा होता" म्हटलं की लोक पाणी प्यायला उठतात. तुम्ही मात्र बसा.

१९९७ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ओरिजिन सिस्टिम्स नावाची कंपनी होती. तिचा 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ सप्टेंबरात बाजारात येणार होता आणि त्याआधीची चाचणी चालू होती. या खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट. खेळातल्या राज्याचा राजाही तोच, लॉर्ड ब्रिटिश. म्हणजे नाटक लिहिणाराच मुकुट घालून रंगमंचावर!

हा राजा साधासुधा नव्हता बरं. १९८५ साली त्यानं याच 'अल्टिमा' मालिकेतला चौथा खेळ काढला, त्यात शेवटी मारायला कुणी महाराक्षसच नव्हता. आठ सद्गुण अंगी बाणवायचे. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, असे आठ. त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई होती. किती पैसे दिले ते तिला दिसत नसे, आपणच मोजून ठेवायचे. कमी ठेवले तरी माल मिळायचा, पण आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा गुपचूप कमी व्हायचा. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो ना, त्या तासाला आमच्या वेळी मास्तर हमखास गणित घ्यायचे. इथे पोरं स्वतःचे पैसे देऊन तो तास करत होती.

तर चाचणी. सर्व्हर, म्हणजे खेळ ज्यावर चालतो तो कंपनीचा संगणक, किती गर्दी झेलतो ते बघायचं होतं. म्हणून राजाची स्वारी निघाली. खेळातल्याच लॉर्ड ब्लॅकथॉर्न नावाच्या सरदाराच्या किल्ल्यात दरबार भरला, समोर खेळाडूंची ही गर्दी. राजाला मरण नाही, अशी व्यवस्था कंपनीनं करून ठेवली होती. कर्णाला कवच होतं तसं. पण कर्णाचं कवच जन्मजात. याचं मात्र दर वेळी खेळात शिरताना आठवणीनं चालू करावं लागे. आणि दरबाराच्या थोडं आधी सर्व्हर कोसळला. सगळे बाहेर फेकले गेले. राजाही पुन्हा आत आला, मुकुट जागेवर, झगा जागेवर, आणि कवच चालू करायचं राहिलं.

आपण जिना उतरून खाली आल्यावर गॅस बंद केला का म्हणून पुन्हा तीन मजले चढतो. राजाला ते सुचलं नाही.

गर्दीत रेन्झ नावानं खेळणारा एक चोर होता. त्यानं दुसऱ्याच कुणाच्या तरी पिशवीतून मंत्राचा एक कागद लांबवला होता. मंत्र कसला, तर जमिनीवर आगीची भिंत उभी करण्याचा. त्यानं सहज, गंमत म्हणून तो राजावर टाकला. काही होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. राजालाही ठाऊक होतं. आणि राजा मेला!

आठ सद्गुणांचा राजा, चोरीच्या मंत्रानं, भर दरबारात. हिरण्यकश्यपूनं वर मागताना दिवस-रात्र, घर-अंगण सगळं नीट लिहून घेतलं होतं, तरी उंबरठा राहिलाच ना? तसं झालं.

खरी गंमत पुढे आहे. राजाच्या बाजूच्या माणसांनी चिडून दरबारात राक्षस सोडले. चोर राहिला बाजूला, मेले ते बघायला आलेले. पुढे रेन्झला चाचणीतून काढून टाकलं. कंपनी म्हणाली, राजाला मारलं म्हणून नाही, आधी खेळातल्या चुका कळवायच्या सोडून त्यांचा फायदा घेतला म्हणून. असेल बुवा. पण मला सांगा, या गोष्टीत खलनायक कोण? चोरानं चोराचं काम केलं, आणि तेही राजावर. गर्दीवर राक्षस सोडणारे चांगल्या पक्षाचे होते. मी तरी चोराच्या बाजूनं आहे. हा राजा, म्हणजे खरा गॅरियट, २००८ साली सोयूझ यानातून अंतराळात जाऊन आला. तिथे त्यानं सगळी बटणं दोनदा तपासली असतील, अशी माझी समजूत आहे.

आता वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो. खेळ सुरू झाला आणि नव्या पोरांना वेशीबाहेर पाऊल टाकताच मारणारे निघाले. मारेकऱ्याचं नाव लाल दिसू लागलं, तरी थांबेनात. शेवटी २००० साली कंपनीनं जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत मारामारी मोकाट, दुसरीत संमतीशिवाय हात लावायचा नाही. संमती हा शब्द लक्षात ठेवा.

हल्ली आपल्याकडची मुलं जीटीए फाइव्ह या गुन्हेगारीच्या खेळाच्या रोलप्ले, म्हणजे सोंग घेऊन खेळायच्या, सर्व्हरवर चोर-पोलीस खेळतात, बहुधा हिंदीतून. तिथे दरोडा घालायला परवानगी आहे, पण काही कारण नसताना माणूस मारला तर हाकलतात. दरोड्यामागे गोष्ट हवी, हा नियम. मला तर तो फार आवडला.

दुष्ट माणूस रंगवायला मुळात सज्जन माणूस लागतो. निळू फुल्यांना गावोगावच्या बाया बोटं मोडायच्या, आणि माणूस कसा, तर राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला. दशावतारात राक्षस पट्टीचा लागतो, कारण त्याला शेवटी हरायचं असतं, आणि झोकात हरायचं असतं. हल्लीच्या मालिकांतल्या खलनायिका झोपतानाही नथ काढत नाहीत, त्यांचं जाऊ द्या.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. रात्री अशाच एका खेळात ती काळ्या झग्यातली चेटकीण असते. एकदा तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. समोर कुठल्या तरी देशातला एक तरुण पुजारी होता. हिनं शाप दिला, विजा पाडल्या, त्याला फरफटत गुहेकडे नेलं. मग एकदम थांबली आणि दुहेरी कंसात काहीतरी टाइप केलं. म्हटलं, हे काय गं?

"मामा, दुहेरी कंसात लिहिलं की ते चेटकीण बोलत नाही, मी बोलते."

"आणि काय म्हणालीस?"

"विचारलं, कैदेत डोळे फोडलेले चालतील का, की नुसतं बांधून ठेवू? आणि त्याला सकाळी लवकर उठायचं असेल तर छळ शनिवारी करू."

उत्तर आलं, तेही दुहेरी कंसात. डोळे नकोत, पुढच्या आठवड्यात त्याला एका लग्नात मंत्र म्हणायचे आहेत. शनिवार चालेल, पण नऊनंतर, मुलं झोपल्यावर.

तिनं मान डोलावली, कंस मिटला, आणि पुजाऱ्याला खांबाला बांधून गुहेचं दार लावून घेतलं. मग चहा टाकायला उठली. मला विचारलं, "साखर किती, मामा?"

नमस्कार.