ओंडका पंजात असताना बटण सुटलं तर?

मंडळी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धनच्या पट्ट्यातले माड आणि पोफळी आडव्या केल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. असे पडलेले ओंडके दोर लावून ओढण्यापेक्षा ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला पंजा लावून उचलणं केव्हाही बरं. पंजा, म्हणजे ग्रॅपल, चांगला फॅब्रिकेटर बनवून देतो. अडतं ते त्याला दाबाचं (हायड्रॉलिक) तेल कुठून द्यायचं, इथे.

लोडरच्या जॉयस्टिकवर दोनच कामं असतात. काठी पुढे-मागे केली की बूम, म्हणजे लोडरचा हात, खाली-वर, डावी-उजवीकडे केली की बकेट आत-बाहेर. पंजाची उघडझाप हे तिसरं काम, आणि त्याला वाटा तीन.

पहिली, ट्रॅक्टरच्या मागच्या कपलरपासून, म्हणजे तेलाचे पाईप जोडायच्या तोंडापासून, दोन होज (रबरी पाईप) पुढे आणायचे. सगळ्यात स्वस्त. पण ट्रॉली उचलायचा एकच पाईप असेल तर हे होणार नाही. पंजाच्या जॅकला (तेलाच्या दाबावर रॉड सरकवणाऱ्या सिलिंडरला) उघडताना आणि मिटतानाही दाब लागतो, म्हणजे डबल ॲक्टिंग व्हॉल्वच हवा. लिव्हर हात सोडला की आपोआप मधे येणारा घ्या. खाचेत अडकून राहणारा असेल तर पंजा पूर्ण मिटल्यावरही पंप दाब देत राहतो, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व शिट्टी मारतो आणि तेल तापतं. शिवाय प्रत्येक वेळी जॉयस्टिक सोडून हात दुसऱ्या लिव्हरवर न्यावा लागतो. दिवसाला चार ओंडके उचलायचे असतील तर चालेल.

दुसरी वाट डायव्हर्टर व्हॉल्वची. बकेटच्या जॅकला जाणारे दोन पाईप या व्हॉल्वमधून नेतात. बटण दाबलं की तेच तेल पंजाकडे वळतं, सोडलं की परत बकेटकडे. बहुतेक जणांनी हीच निवडावी, असं मी म्हणेन. पण होज जोडताना एक गोष्ट हमखास चुकते. काठी डावीकडे, म्हणजे बकेट आत वळते त्या बाजूला, नेल्यावर पंजा मिटला पाहिजे. का, ते बघा. पंजा आवळताना अंगठा घसरला किंवा वायर तुटली, तर काठी जिथे आहे तिथलं काम बकेट करायला लागते. होज उलटे असतील तर बकेट पुढे कलंडते आणि ओंडका खाली. सुलटे असतील तर बकेट आत वळते, ओंडका बकेटमध्येच राहतो. होजची अदलाबदल दहा मिनिटांची, तीसुद्धा ओंडका न उचलता करून बघायची. बूम फार उंच नेऊन मात्र पंजा आवळू नका. तिथून बकेट आत वळली तर ओंडका तुमच्याच दिशेनं येईल.

याच व्हॉल्वसाठी आणखी एक सवय : आधी बटण, मग काठी. दाब चढल्यावर बटण दाबलं तर आतला स्पूल, म्हणजे तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा, अर्ध्यात अडकतो आणि बकेट व पंजा दोन्ही हलतात.

तिसरी वाट दोन बटणांवर चालणाऱ्या स्वतंत्र व्हॉल्वची. बूम चालू असताना पंजाही मिटवता येतो. खर्च जास्त, आणि जोडणी कळली पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर पंप असतो आणि काम नसतानाही तेल व्हॉल्वमधून फिरत राहतं. याला ओपन सेंटर म्हणतात. व्हॉल्वही ओपन सेंटरच हवा, नाहीतर पंप सतत रिलीफवर चालेल. पुढच्या व्हॉल्वला तेल न्यायचं ते पॉवर बियॉन्ड पोर्टमधून (पुढे दाबाचं तेल देणाऱ्या तोंडातून), टँकच्या पोर्टमधून नाही. टँक पोर्टला दाब सोसवत नाही. तिथून पुढे नेलं की सील फुटतं, कधी व्हॉल्वचं अंगच तडकतं. नवा व्हॉल्व लोडरच्या आधी बसवला, तर त्याचा स्पूल हलल्यावर पुढचा, लोडरच्या व्हॉल्वचा रिलीफ कामाचा राहत नाही. पंपापाशी ट्रॅक्टरचा स्वतःचा रिलीफ नसेल, तर नव्या व्हॉल्वच्या तोंडाशीच रिलीफ पाहिजे. स्टिअरिंगच्या पाईपमधून तेल घ्यायचा विचारही नको.

वाट कुठलीही घ्या, पंजाचा स्पूल मधे असताना जॅकचे दोन्ही पोर्ट बंद राहिले पाहिजेत. हायड्रॉलिक मोटरसाठीचा स्पूल बसवला तर पोर्ट टँकला उघडे होतात आणि पकड सुटते. चांगल्या स्पूलमधूनही तेल थोडं झिरपतंच, म्हणून जॅकपाशी डबल लॉक व्हॉल्व लावा, तो जॅकमधलं तेल दोन्ही बाजूंनी कोंडून धरतो. जॅक आणि लॉक यांच्या मधे रिलीफ ठेवा. पंजाचे दात जांभ्यावर टेकवून रेटलं की दाब लॉकमध्ये कोंडतो, आणि मग वाकतो तो रॉड.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक १५० बारवर सुमारे ३,००० किलो रेटतो. सडलेला माड त्यात चिरडतो, म्हणून दाब कमी ठेवायची सोय असू द्या. २०० मिमी स्ट्रोकच्या, म्हणजे रॉड तेवढा सरकणाऱ्या, अशा दोन जॅकना मिळून पाऊण लिटरच्या थोडं वर तेल लागतं. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप सव्वा सेकंदात पंजा मिटवतो. हा वेग फार झाला. होजमध्ये प्रवाह आवळणारा रिस्ट्रिक्टर टाकून तीनेक सेकंदांवर आणा. आणि दोन मीटर लांब, अर्धा मीटर जाड ओला ओंडका पाण्याइतका जड धरला तर ३९० किलो. लोडरच्या क्षमतेतून पंजाचं वजन वजा करूनच तो उचला.

आता खारी हवा. बटणानं व्हॉल्वचा स्पूल सरकवणारी विजेची कॉइल १२ व्होल्टची, त्यामुळे गंजलेल्या जोडातला एक-दोन व्होल्टचा घाटाही तिला जाणवतो. टक् असा आवाज येतो, पण स्पूल पूर्ण सरकत नाही, आणि मिस्त्री व्हॉल्व खोलत बसतो. आधी बटण दाबून कॉइलच्या टोकांवर मीटर लावा. अर्थ रंगवलेल्या चासीला न देता थेट बॅटरीला न्या, रिले आणि फ्यूज घाला, जोड रबरी सीलचे घ्या. संध्याकाळी ट्रॅक्टर लावताना जॅकचे रॉड आत घेऊन ठेवा. बाहेर राहिलेल्या क्रोमवर पावसाळ्यात ठिपके पडतात आणि तेच पुढे सील कापतात. कपलर सोडल्यावर टोपणं लावा, लाल माती आत गेली की स्पूल ओरखडतो. उन्हात राहिलेला कपलर जुळत नसेल तर हातोडा घेऊ नका. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, पंजा जमिनीवर टेकलेला असू द्या, आणि बटण दाबून काठी दोन्ही बाजूंना हलवा. कोंडलेला दाब उतरतो.