कवडसा गोल का पडतो?

(नाशिकमध्ये एप्रिलच्या शेवटच्या रविवारी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रांनो आणि त्यांच्यासोबत आवर्जून आलेल्या पालकांनो,

एप्रिलचा शेवटचा रविवार हा २००१ पासून जगभर पिनहोल छायाचित्रणाचा, म्हणजे भिंगाऐवजी सुईच्या भोकातून चित्र टिपण्याच्या कलेचा, दिवस म्हणून पाळला जातो. ३० एप्रिल हा तर दादासाहेब फाळक्यांचा जन्मदिवस. १८७० साली ते इथून जवळच, त्र्यंबकेश्वरी जन्मले. आजच्या विषयाचे जाहीर झालेले नाव ‘फिल्म आणि पिनहोल छायाचित्रणाची मुळाक्षरे’ असे आहे आणि त्या मुळाक्षरांपर्यंत मी येणारच आहे. त्याआधी मला एक प्रश्न विचारायचा आहे, कारण हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही त्याला पुढचे सगळे तंत्र पाठ करावे लागते. कवडसा गोल का पडतो?

कौलारू घरात वाढलेल्या वडीलधाऱ्यांनी कवडसा पाहिलेला आहे. कौल सरकले किंवा फुटले की तिथून उन्हाची तिरीप घरात शिरते, तिच्यात धूळ तरंगताना दिसते आणि भिंतीवर उजेडाचा एक गोल ठिपका पडतो. फुटक्या कौलाची फट मात्र गोल नसते. ती वेडीवाकडी, कधी त्रिकोणी, कधी चौकोनी असते. ठिपका जमिनीवर तिरपा पडला तर लंबगोल दिसतो, पण तिरिपेच्या आड तळहात सरळ धरला की तो पुन्हा गोल होतो. याचे कारण असे की तो फटीचा आकार नाहीच, ते सूर्याचे चित्र आहे. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण फटीतून खाली उतरतो, खालच्या कडेचा वर जातो, उजवीकडचा डावीकडे जातो, आणि सूर्याची उलटी प्रतिमा तुमच्या माजघरात उमटते. तिचे मापही ठरलेले आहे: फटीपासून जेवढे अंतर, त्याचा सुमारे १०८ वा भाग. अकरा फुटांवर ती तीन सेंटिमीटरची, म्हणजे जुन्या बंद्या रुपयाएवढी भरते.

हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी सूर्यग्रहण होते; कर्नाटकात ते खग्रास दिसणार होते, आपल्याकडे खंडग्रास. मी नऊ वर्षांचा होतो. भद्रकालीतल्या आमच्या वाड्यात आजीने दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या, पिण्याच्या पाण्यात तुळशीची पाने पडली होती आणि आम्हा मुलांना अंगणात पाऊल टाकण्याची मनाई होती. माजघराच्या भिंतीवर रोज दुपारी तीन कवडसे पडत. त्या दुपारी ते तिन्ही एकाच बाजूने कोरले जाऊ लागले आणि पाहता पाहता चतुर्थीच्या चंद्रकोरीसारखे झाले. मी ओरडलो तेव्हा आजी आली, तिने ते पाहिले, भिंतीला हात जोडले आणि म्हणाली, “सूर्यनारायण घरात आले.” आजीचे ते वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेही बिनचूक होते, असे मी आज जबाबदारीने सांगतो. सूर्याची प्रतिमाच घरात आली होती, आणि बंद घरातल्या अंधारामुळेच ती इतकी स्वच्छ दिसत होती. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने ग्रहणात बारीक भोकातून पडणाऱ्या नेमक्या याच कोरीवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला होता, हे मला फार पुढे समजले. हंपीला गेलात तर विरूपाक्ष मंदिरात आतल्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ती आवर्जून पाहा. तिच्यामागेही हेच कारण आहे. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच मुळी खोली असा आहे.

माझे म्हणणे असे आहे की छायाचित्रण शिकणाऱ्याच्या हाती पहिल्या महिन्यात भिंगाचा कॅमेरा देऊच नये. आधी त्याला कवडसा दाखवावा, मग पत्र्याचा डबा द्यावा आणि फिल्म त्यानंतर. उजेड साठत जातो, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ आपण मोजून द्यायचा असतो, ही गोष्ट सेकंदाच्या शतांशात मिटणाऱ्या शटरने कळत नाही. ती मला कशी कळली हे सांगतो. त्याला जरा वेळ लागेल.

१९८९ सालच्या हिवाळ्यात, महाविद्यालयात असताना, मी चहापत्तीच्या गोल डब्याचा कॅमेरा केला. डबा दहा सेंटिमीटर व्यासाचा होता. आतून त्याला काळा रंग दिला, बाजूला एक खिडकी कापली आणि तिच्यावर शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा चिकटवला. भोक पाडण्याचे काम या सगळ्यात नाजूक असते. पत्रा जाड पुठ्ठ्यावर ठेवायचा, सुईचे टोक टेकवून ती आरपार न घालता नुसती फिरवायची, मागे उठलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा टोक टेकवायचे. उजेडाकडे धरल्यावर भोकाची कड स्वच्छ दिसली पाहिजे. कडेला पत्र्याची कूस राहिली तर चित्र पिंजलेले येते. दहा सेंटिमीटर खोलीला ०.४५ मिलिमीटरचे भोक योग्य असते. त्याहून मोठे केले तर चित्र धूसर होते, आणि फार लहान केले तरीही धूसरच होते, कारण तिथे प्रकाश भोकाच्या कडेला वळून पसरू लागतो.

डब्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, उजेड टिपणारा ‘इंदू’ कागद घातला. भोकावर काळी चिकटपट्टी लावली, झाकणाच्या फटीतून उजेड शिरू नये म्हणून सगळ्या डब्याला काळे फडके बांधले आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास रामकुंडावर जाऊन दुतोंड्या मारुतीसमोर पायरीवर बसलो. डब्यात कागद एकच होता, म्हणजे चित्रही एकच मिळणार होते. जागा ठरवायला मला बराच वेळ लागला, आणि तेवढ्यात एक वृद्ध गुरुजी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फडक्यात बांधलेल्या डब्याकडे पाहिले आणि अतिशय हळू आवाजात विचारले, “कोणाच्या रे, बाळा?”

रामकुंडावर फडक्यात बांधलेले भांडे मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाला दुसरे काय विचारायचे? मी गडबडून सांगितले की या अस्थी नाहीत, हा कॅमेरा आहे. त्यांनी डबा हातात घेतला, चारही बाजूंनी पाहिला आणि भिंग कुठे आहे असे विचारले. भिंग नाही, सुईचे भोक आहे, असे मी म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, “किती वेळ लागतो?” मी म्हणालो, “या उन्हात पाऊण मिनिट.” ते म्हणाले, “म्हणजे तीन गायत्री. तू पट्टी काढ, मी म्हणतो.” मारुतीच्या उजव्या अंगाला ते मांडी घालून बसले, डोळे मिटले, आणि मी पट्टी काढली. समोर शे-दीडशे माणसे तरी असतील. कोणी बुडी मारत होते, कोणी कपडे वाळत घालत होते, मुले पाण्यात धावत होती. तिसरी गायत्री संपल्यावर गुरुजींनी डोळे उघडले आणि मी पट्टी लावली.

घरी न्हाणीघरात झिरोचा लाल दिवा लावला आणि एनॅमलच्या ताटात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे द्रावण, ओतून कागद त्यात सोडला. साध्या काळ्या-पांढऱ्या कागदाला निळा आणि थोडा हिरवा उजेड दिसतो, लाल दिसत नाही. म्हणून त्याचे काम लाल दिव्यात करता येते. अर्ध्या मिनिटाने आकाश काळे होऊ लागले, पाठोपाठ घाटाच्या पायऱ्या आल्या, मारुती आला. माणसे मात्र आली नाहीत. जो कोणी हलला, त्याच्यामागच्या दगडानेच कागदावर आपला उजेड साठवला होता. एवढ्या गर्दीच्या रामकुंडावर त्या चित्रात एकच मनुष्य होता: मारुतीच्या उजवीकडे मांडी घालून बसलेले गुरुजी. पुढे त्या निगेटिव्हवर, म्हणजे उजेडाच्या जागी काळ्या उमटलेल्या त्या उलट्या चित्रावर, दुसरा कागद पालथा घालून, वर काच ठेवून, क्षणभर दिवा लावून पॉझिटिव्ह काढले, तेव्हा घाटावरचे भगवे झेंडे त्यात काळे आले. लाल न दिसणाऱ्या कागदाला भगव्यातलाही फारसा उजेड दिसत नाही. कोणता कागद काय पाहतो हा धडा त्या झेंड्यांनी मला दिला. आठवड्याने मी एक प्रत घेऊन गेलो, पण गुरुजी मला पुन्हा भेटले नाहीत, आणि ती प्रत अजून माझ्याकडे आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि फिल्मबद्दल मी अजून काहीच बोललो नाही. आता भराभर सांगतो.

पहिले, हिशेब. भर उन्हात एफ १६ ठेवले, म्हणजे छिद्राचा व्यास फिल्मपर्यंतच्या अंतराचा सोळावा भाग ठेवला, तर शटरचा वेळ म्हणजे फिल्मच्या आयएसओ आकड्याचा, म्हणजे तिला उजेड किती चटकन टिपता येतो त्या मापाचा, व्यस्तांक: १०० च्या फिल्मला सुमारे १/१०० सेकंद. डब्यालाही हाच नियम लागतो. दहा सेंटिमीटर भागिले ०.४५ मिलिमीटर म्हणजे एफ २२०; कागद आयएसओ ६ चा धरा; उत्तर सुमारे अर्धा मिनिट येते. सकाळच्या कोवळ्या उन्हाला पाऊण मिनिट.

दुसरे, फिल्म भरणे. ३५ मिलिमीटरची फिल्म भरून पाठ बंद केल्यावर उलट गुंडाळण्याची कळ हलकेच ताणा, आणि पुढचे चित्र ओढताना ती फिरते का ते पाहा. माझा पहिला छत्तीसचा रोल स्पूलमध्ये अडकलाच नव्हता. धुतल्यावर तो कोरा निघाला, पण कडेचे आकडे काळेभोर उमटले होते. कडेचे आकडे आहेत आणि चित्र नाही, तर चूक कॅमेऱ्यात किंवा फिल्म भरण्यात. आकडेही नाहीत, तर बहुधा डेव्हलपरच्या आधी हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे द्रावण, ओतला गेला आहे. हे मनात पक्के ठेवा.

तिसरे, धुलाई. कागदासारखी फिल्म लाल दिव्यात हाताळता येत नाही. नेहमीच्या फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून ती पूर्ण अंधारात रिळावर चढवून टाकीत बंद करायची. डेव्हलपरचे तापमान २० अंश धरून वेळ दिलेला असतो आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये नळाचे पाणी त्याच्या पुष्कळ वर जाते. बाटल्या माठाच्या पाण्यात उभ्या ठेवा. सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाचे हवे, नाहीतर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडतात. त्यानंतर हायपो. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच दाखवले होते. छायाचित्रणाला त्याचा उपयोग वीस वर्षांनी झाला. शेवटी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, हायपो राहिला तर चित्र काही वर्षांनी पिवळे पडते.

एक तक्रार मात्र नोंदवतोच. ज्या संस्थेत मी हे शिकलो, तिथली अंधारखोली आता उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. मोरी आणि नळ अजून शाबूत आहेत, मी पाहून आलो. गठ्ठ्यांना दुसरी खोली मिळू शकते, पण पाण्याची सोय असलेली, उजेड न शिरणारी खोली पुन्हा बांधायला कोणी पैसे देणार नाही. कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचे एकेक चित्र टिपत फाळक्यांनी १९१२ साली लघुपट केला. त्यांच्या जिल्ह्यातल्या मुलांना उजेड साठताना पाहायला एक खोली मिळावी, ही मागणी मी इथे सर्वांसमोर करतो आहे.

मागच्या टेबलावर वीस डबे, पत्र्याचे तुकडे आणि दहा नंबरच्या सुया ठेवल्या आहेत. शेजारी ती निगेटिव्हही काचेखाली आहे. ती निगेटिव्ह असल्यामुळे गुरुजी डाव्या अंगाला दिसतील आणि त्यांचे पांढरे धोतर काळे दिसेल; जरा वाकून पाहा.