धुता येईल असं तोरण

नमस्कार मंडळी! दिवाळी जवळ आली की ठाण्यात जांभळी नाक्यापासून स्टेशनपर्यंत चालताना काय काय टांगलेलं दिसतं ना, खड्यांची तोरणं, प्लास्टिकचा झेंडू, चमकीच्या माळा. आज मी सांगणारे की दोरा आणि कापड घेऊन घरच्या घरी असं काही कसं करायचं. पण माझी एक अट आहे आणि तिच्यावर मी अगदी ठाम आहे. जे कराल ते धुता आलंच पाहिजे.

का, तर आपण राहतो कुठे ते बघा. घोडबंदर रोडकडे ज्यांची बाल्कनी आहे त्यांना विचारा, सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. नवी मुंबईत घणसोली घ्या, खारघर घ्या, कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. आणि जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. मग दारावरचं तोरण दोन महिन्यांत राखाडी होतं, त्याला धुता येत नाही कारण आत पुठ्ठा असतो आणि वर सगळं ग्लू गनने चिकटवलेलं असतं, पुठ्ठा भिजला की फुगतो, आणि तो गोंद तर दाराला दुपारचं कडक ऊन लागलं तरी मऊ पडतो. शेवटी काय, कचऱ्यात.

महाराष्ट्रात 2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि गणपतीच्या मखरासाठी लोक कापडाकडे वळले, हे फार चांगलं झालं. पण कापड जर पुठ्ठ्यावर चिकटवूनच वापरणार असू तर तेही एका सणापुरतंच झालं ना! आपल्या आज्यांचं रुखवत आठवा. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकामाचे टेबलक्लॉथ. सगळं टाक्यावर आणि गाठीवर उभं, म्हणून कित्येक घरांत ते अजून निघतं, साबणाच्या पाण्यात बुडतं आणि परत लागतं.

आता तोरणच करूया. आपल्या फ्लॅटचं मेन डोअर साधारण 3 फूट असतं, पण आधी टेपने मोजा. जुन्या कॉटनच्या साडीचा काठ घ्या, फाटकी साडी असली तरी काठ बहुतेक धड असतो. नसेल तर मॅचिंग सेंटरमधून सुती ब्लाउजपीस आणा, आणि ओळखीच्या टेलरकडे चिंध्या मागायला अजिबात लाजू नका, ते आनंदाने पिशवी भरून देतात. कापड कापायच्या आधी एकदा भिजवून वाळवून घ्या, सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, मग शिवलेलं तोरण वाकडं होतं. रंग जातो का ते बघायला ओला पांढरा रुमाल त्याच्यावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा, मिठाच्या पाण्यात ठेवून घरी रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका.

काठाची 40 इंचाची पट्टी घ्या, वरची कड आत दुमडून धावदोऱ्याने नेफा शिवा, परकराला नाडीसाठी असतो तसाच. या नेफ्यातून दोरी जाणार. धुवायच्या वेळी दोरी ओढून काढली की हातात नुसतं कापड उरतं, त्यासाठीच हा खटाटोप.

मग गोंडे. 4 इंच रुंदीचा पुठ्ठा घ्या (हा फक्त मापासाठी हं, आत ठेवायचा नाही), विणकामाचा जाडसर सुती दोरा त्याच्यावर 40 वेळा गुंडाळा. वरच्या बाजूने एक तुकडा आत घालून घट्ट दुहेरी गाठ मारा, याचीच टोकं पुढे पट्टीला शिवायची. खालच्या बाजूने कात्रीने कापा, पुठ्ठा काढा, वरून अर्धा इंच सोडून मानेला दोऱ्याचे सात-आठ वेढे देऊन टोक सुईने आत ओवून टाका. ही मान सैल राहिली तर पहिल्याच धुण्यात गोंडा सुटतो, म्हणून वेढे आवळूनच घ्यायचे. एका गोंड्याला साधारण साडेआठ मीटर दोरा लागतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना 2 इंच सोडून दर 4 इंचांवर एक असे 10 गोंडे बसतात, म्हणजे 100 मीटरचा एक गोळा पुरतो. मधल्या 9 जागांत आंब्याची पानं करा, हिरवं कापड दुहेरी घ्या, सुलट बाजू आत ठेवून, देठाकडे उघडं सोडून पानाच्या आकारात शिवा, देठाकडून पेन्सिलने उलटवा आणि देठ पट्टीला शिवून टाका. आत कापूस भरू नका, तो लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

दोरा घेताना दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. ते वाईट नाही, पटकन वाळतं, रंगही छान टिकतात. पण आगीजवळ वितळतं. ओळखायला एक छोटा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा, लहान मुलं जवळ नकोत: सुती असेल तर जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख, ॲक्रिलिक असेल तर कडक काळा गोळा, खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास. सुती दोराही पेट घेतोच, त्यामुळे कुठलंही तोरण असलं तरी पणती बरोबर त्याच्या खाली ठेवू नका, उंबऱ्याच्या कडेला सरकवा, आणि भिंतीवरचं काहीही गॅसच्या शेगडीपासून लांबच.

भिंतीसाठी मॅक्रमे, म्हणजे दोऱ्याला गाठी मारत केलेलं काम, करायचं असेल तर लोक दोरा कमी कापतात आणि अर्ध्यात अडकतात. मधोमध दुमडून काठीला अडकवणार असाल तर हव्या त्या लांबीच्या आठपट दोरा धरा, 2 फुटांच्या कामाला 16 फूट. काठी बांबूची घ्या, लोखंडी कडी नको, आपल्या हवेत ती गंजते आणि तो डाग सुती दोऱ्यातून काढायचा म्हणजे फार कठीण. नवा दोरा आणायचा नसेल तर जुन्या टीशर्टची गोल गोल एक इंचाची पट्टी कापत जा आणि ओढा, कडा आपोआप आत वळतात आणि उसवतही नाही. कुंडी टांगायला हा दोरा मला सुतीपेक्षा जास्त आवडतो, कुंडीचं पाणी पडून मातकट झाला तर सरळ बादलीत टाकता येतो.

धुताना कोमट पाणी, थोडा साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. गोंडे ओले असतानाच मोठ्या दाताच्या कंगव्याने विंचरा आणि सावलीत टांगून वाळवा. मग आज रात्री ती जुनी साडी भिजत टाका, उद्या वाळली की कात्री घ्या. नमस्कार!