विल्फ्रेड वुड : पदकाच्या आधीचं आणि नंतरचं आयुष्य

मंडळी, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे रेल्वे कामगार विल्फ्रेड वुड यांचा विषय निघाला की 28 ऑक्टोबर 1918 ही पराक्रमाची तारीख सांगितली जाते आणि तिथेच विषय संपतो. शौर्यपत्रात त्यांचा एकच दिवस आहे. इंजिनावर घालवलेल्या वर्षांबद्दल त्यात चकार शब्द नाही, म्हणून आज त्या कामाबद्दल जास्त बोलायचं आहे.

वुड इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचे, जन्म 1897. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी, मग महायुद्ध. नॉर्थम्बरलँड फ्युजिलियर्सच्या 10व्या पलटणीतून ते इटलीत पोहोचले. पिआव्हे नदी ओलांडल्यावर कासा व्हानाजवळ उजवीकडच्या तुकडीची वाट शत्रूच्या मशीनगन आणि नेमबाजांनी अडवली. वुड यांच्याकडे लुईस गन ही हलकी मशीनगन होती. वजन सुमारे 13 किलो, वर 47 गोळ्यांची गोल थाळी. ती पालथं पडून, दुपायावर टेकवून चालवायची आणि थाळ्या पुरवायला जोडीला माणूस ठेवायचा, अशी पद्धत. घोडा दाबून धरला तर पाच-सहा सेकंदांत थाळी रिकामी होते. वुड कुणी न सांगता पुढे सरकले, बाजूने मारा केला आणि 140 जण शरण आले. थोडं पुढे लपलेली दुसरी मशीनगन अगदी जवळून सुरू झाली. तिच्यावर ते लुईस गन कमरेशी धरून धावून गेले, तोफची मारले, आणि पुढच्या चरातून आणखी 3 अधिकारी व 160 सैनिक हात वर करून बाहेर आले. याच इटलीत 1944 साली आपल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे असेच एकटे मशीनगनवर चालून गेले होते. ते परतले नाहीत. वुड परतले आणि पुन्हा रेल्वेत रुजू झाले.

तिथली शिडी ठरलेली : क्लीनर, फायरमन, ड्रायव्हर. भुसावळ-इगतपुरीच्या जुन्या लोको घराण्यांना ती वेगळी सांगायला नको. क्लीनर तेलाच्या बोळ्याने चाकं, दांडे, सांगाडा पुसतो, आणि पुसता पुसता तडा कुठे गेला, नट कुठे ढिला झाला हे त्याच्या हाताला कळायला लागतं. फायरमनचं काम म्हणजे भट्टीत नुसतं कोळशाचं फावडं मारणं नव्हे. त्या काळच्या मोठ्या एक्स्प्रेस इंजिनाला मैलामागे 40 ते 50 पौंड कोळसा लागायचा. स्टॉकपोर्ट ते क्रू हे अंतर साधारण 25 मैल, म्हणजे अर्धा टन कोळसा, सत्तरएक फावडी. तो थोडा थोडा आणि सतत घालायचा, दाराजवळच्या कोपऱ्यांत जाड, पुढे पातळ. एकदम भरला तर हवा कोंडते, धुरांड्यातून काळा धूर निघतो आणि वाफेचा दाब उतरतो.

खरी जोखीम पाण्याची. पातळी खाली गेली की भट्टीचं छत उघडं पडतं, तापून मऊ होतं आणि वाफेच्या दाबाने फाटू शकतं. पाणी जास्त झालं तर ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, मग सिलिंडरचं झाकण फुटतं. म्हणून पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. आधी वरचा वाफेचा कॉक बंद करून खालचा निचरा उघडायचा : नुसतं पाणी जोरात आलं पाहिजे. मग पाण्याचा कॉक बंद, वाफेचा उघडा : नुसती वाफ. शेवटी निचरा बंद करून दोन्ही कॉक उघडे. पाणी झटकन पातळीवर आलं तर वाटा मोकळ्या आहेत. रेंगाळत वर चढलं तर खालच्या वाटेत क्षार साचलेत, आणि नळीतला आकडा खोटा.

या कामातून वुड ड्रायव्हर झाले, पुढे सुपरवायझर, आणि 1960 मध्ये निवृत्त झाले. निधन 1982 साली.

रेल्वे कंपनीने 1922 मध्ये क्लॉटन वर्गाच्या एका इंजिनाला त्यांचं नाव दिलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या साइक्स आणि ख्रिस्ती या तिच्या दुसऱ्या दोन कामगारांनाही असाच मान मिळाला. पुढे वुड यांचं नाव पेट्रियट वर्गाच्या 5536 क्रमांकाच्या इंजिनावर आलं. माणूस हयात, नोकरीत, आणि त्याच मार्गांवर त्याच्या नावाचं इंजिन गाड्या ओढतंय : रेल्वे कामगाराचा याहून योग्य सन्मान मला तरी ठाऊक नाही. पेट्रियट वर्गाची 52 इंजिनं होती, ती सगळी भंगारात गेली. त्याच मूळ आराखड्यावरून आता एक नवं इंजिन बांधायला घेतलं आहे, आणि त्याला नाव दिलं आहे ‘द अननोन वॉरियर’, अज्ञात योद्धा.