लायट इली!

(वेंगुर्ले तालुका. काजूची शेड, दुपारचे अडीच. कटरांची खटखट, त्यावर पंख्याची घरघर.)

एप्रिलातली दुपार. बाहेर खारं वारं आहे, पण ते शेडच्या आत येत नाही. वर सिमेंटचे पत्रे. खाली रांगेने बायका, प्रत्येकीसमोर उकडून सुकवलेल्या बियांचा ढीग. हाताला तेल चोपडलेलं, कारण काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. बी पात्यात धरायची, दाबायची, टरफल फुटतं, गर बाहेर. दिवसभर हेच.

आणि रांगेच्या टोकाला फर्राटा, म्हणजे जोरात वारा फेकणारा मोठा उभा पंखा.

इथे पंखा ही चैन नव्हे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग निवत नाही. त्यामुळे पंखे काढून टाका, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. पंखा हवाच. पण माझ्या आत्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शेंडा नाही, आणि तो पंख्याने नेला.

(पंखा मंदावतो. पाती दिसू लागतात. थांबतो.)

लाइट गेली. कोकणात राहणाऱ्याला यात नवल नाही. त्या दिवशीही गेली होती. आत्या तेव्हा दुसऱ्या एका शेडमध्ये कामाला होती. पोत्याच्या सुतळीचा तुकडा पंख्याच्या जाळीत अडकून सकाळपासून खडखडत होता. पंखा थांबलाय, तेवढ्यात काढून टाकू, असं म्हणून तिने जाळीच्या तुटलेल्या काडीतून बोटं आत घातली. सुतळी पात्यामागे गुंतलेली. सुटेना, म्हणून तिने बोटाला एक वेढा दिला आणि ओढली.

शेडच्या पलीकडच्या टोकाकडून पोरी आनंदाने ओरडल्या, "लायट इली गो!"

तिने हात मागे घेतला. पण बोट सुतळीत होतं, आणि सुतळीचं दुसरं टोक पंख्यात.

आत्याचं म्हणणं असं, की त्या दिवशी पंखा थांबला होता, बंद नव्हता. बटण दाबलेलं होतं, पिन सॉकेटात होती, नव्हती ती फक्त वीज. आणि वीज परत येताना कुणाला विचारून येत नाही. जाळी पुसायची असो, अडकलेला दोरा काढायचा असो, पंखा नुसता इकडून तिकडे सरकवायचा असो, ती आधी पिन उपटते आणि मांडीवर घेऊन बसते. नुसतं बटण बंद केलेलंही तिला चालत नाही, कारण ते बटण दुसरं कुणीतरी दाबू शकतं. गर्मीने जीव कासावीस झालेली बाई पंखा बंद दिसला की आधी बोर्डाकडेच जाते.

हा पंखा किती जोरात फिरतो, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. फर्राटा मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतो. २४ इंची पंखा असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होतो. १८ इंचीचं टोकसुद्धा ताशी १२० ने धावत असतं. आपला डोक्यावरचा ४८ इंची पंखा संथ वाटतो, पण मिनिटाला ३५० फेऱ्यांवर त्याचंही टोक ताशी ८० च्या आसपास जातं.

(जाळीचा जवळून शॉट. अंगठा काडीवरून फिरतो, तांबूस भुकटी पडते.)

ही जाळी बघा. खाऱ्या हवेने गंज आधी धरतो तो सांध्यांवर, जिथे काडी कड्याला डाग देऊन जोडलेली असते. वरून रंग शाबूत दिसतो, आतून सांधा पोकळ झालेला असतो. एक काडी निखळली की शेजारच्या दोन वाकतात, आणि हात जाईल एवढी खिडकी तयार होते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमानुसार जमिनीपासून सात फुटांच्या आत पाती असलेल्या पंख्याला जाळी लागते, आणि जाळीतली फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी चालत नाही. अर्धा इंच म्हणजे जेमतेम करंगळीची जाडी. आपल्या शेडमधल्या जुन्या फर्राट्यांच्या काड्या पुष्कळदा याहून विरळ असतात. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालायला सांगितलं होतं. फिरत्या भागामुळे इजा होण्याचा धोका असेल, तर यंत्राची साफसफाई बायकांना करायला लावायची नाही, हेही त्यात होतं. घराच्या पडवीत चार बायका घेऊन चालणाऱ्या कामापर्यंत असा कायदा सहसा पोचत नाही. तिथे जाळी तपासायची ती आपणच.

नवी जाळी बाजारात मिळते. तोवर बारीक चौकटीची कडक तारेची जाळी घट्ट बांधून घ्या. काही ठिकाणी मासे पकडायचं जुनं जाळं पंख्यावर गुंडाळलेलं आम्ही पाहिलं. ते कृपा करून करू नका. ढिलं जाळं मागच्या बाजूने आत ओढलं जातं.

मागची बाजू कुणाच्या लक्षातच येत नाही. वारा पुढून लागतो म्हणून सगळे पुढून जपतात. पण पंखा हवा खेचतो ती मागून, आणि हवेबरोबर ओढणीचं टोक, सुटा पदर, मोकळी वेणी, केसांतला अबोलीचा वळेसार, जे हलकं असेल ते तिकडे झुकतं. म्हणून पंख्याच्या मागून जायची वाट नको. पंख्याची पाठ भिंतीकडे असावी. केस बांधून वर टोपी किंवा फडका, ओढणी कमरेला खोचलेली. आता शेडमधल्या पोरी एकमेकींना हे बघून सांगतात, मुकादमाने सांगायची वाट बघत नाहीत.

(छताचा पंखा. खाली पोत्यांची थप्पी.)

मार्च ते मे बियांचा हंगाम. पोती येत राहतात, थप्पी चढत राहते. पंखा आहे तिथेच असतो, त्याच्याखालची जमीन मात्र वर येते. थप्पीवर चढलेला गडी पोतं खांद्यावर घेऊन ताठ उभा राहिला, की डोकं पात्यांच्या पातळीत. त्या पंख्याखाली थप्पी लावायचीच असेल, तर हंगामभर तो पंखा बंद ठेवावा आणि बोर्डावरून त्याची वायर वायरमनकडून सोडवून घ्यावी. थप्पीवर चढलेलं असताना त्याच वेळी पंख्याचा वरचा हुक, रॉडची पिन आणि तिचा गंज तपासून घ्यावा. पावसाळा उलटला की पुन्हा एकदा.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, मग काठीने, नाहीतर सरळ हाताने ढकलून सुरू करायचा, ही सवय तर घराघरात आहे. गुणगुणतोय म्हणजे मोटरीत वीज आहे. ढकलताच तो वेग पकडतो, हात तिथेच असतो. बहुतेक वेळा मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर गेलेला असतो किंवा दांडा ज्यात फिरतो तो बुश गंजून धरलेला. कंडेन्सर ही अगदी स्वस्तातली वस्तू आहे. वायरमनकडून बदलून घ्या.

(रत्नागिरी, मिरकरवाडा. मासळीची शेड, ओली फरशी.)

इथे पात्यापेक्षा भीती शॉकची. पायाखाली खारं पाणी, हात ओले, पंख्याचं अंग लोखंडी. आणि पिनेचा तिसरा पाय मोडलेला, किंवा पिनच नाही, दोन वायरी सॉकेटात खोचून वर काडेपेटीच्या काड्या. तो तिसरा पाय अर्थिंगचा. त्याच्याविना पंख्याच्या लोखंडात उतरलेली वीज माणसातून जमिनीत जाते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बोर्डावर बसवलेला असेल, तर गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. शॉक लागलेल्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.

बोट तुटलं, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन करा. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बंदरात बर्फ हाताशी असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: तुकडा थेट बर्फात नको, त्याने मांस मरतं. आत्याच्या वेळी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. तिच्या बोटाचा शेंडा संध्याकाळी टरफलांच्या ढिगात सापडला.

(पुन्हा वेंगुर्ले. काजूची शेड.)

आज लाइट जाऊन वीस मिनिटं झाली आहेत. आत्याने फर्राट्याची पिन काढून मांडीवर घेतली आहे आणि ती फडक्याने जाळीची एकेक काडी पुसते आहे. पापुद्र्यांचा भुगा तिच्या लुगड्यावर पडतो.

"लायट इली!"

बाकीचे पंखे फिरू लागतात. हा नाही.

"आते, पंखो लाव गो, जीव जाता हय!"

"थांब गो. हात भायर येवंदे आदी."

ती शेवटची काडी पुसते. फडका झटकते. मग उठून बोर्डाकडे जाते.