किनरा, चिरका आणि कर्कश

आधी हा आवाज ऐका. शनिवार पेठेतल्या एका गल्लीत धारवाला सायकल स्टँडवर लावून पॅडल मारतोय, फिरत्या दगडावर विळी टेकली की ठिणग्या उडतात आणि जो आवाज निघतो त्याने दात शिवशिवतात. कर्कश. आता हा ऐका, कार्यालयाच्या दारातली सनई. पट्टी हिचीपण चांगलीच उंच आहे, पण सनईला कर्कश म्हणणारा माणूस पुण्यात शोधून सापडायचा नाही.

म्हणजे नुसता उंच आवाज कर्कश नसतो. उंच आणि बारीक असेल तर तो किनरा, आवाज फुटायच्या आधी मुलांचा असतो ना तसा, त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. वरच्या सुरात जाताना ताणून फाटला की चिरका. आणि कर्कश म्हणजे कानाला ओरखडा काढणारा, कारण संस्कृतात हा शब्द मुळात स्पर्शाचा, खरखरीत, कठीण अशा अर्थाचा, म्हणून तर रुक्ष वादविवादाला तर्ककर्कश म्हणायचे.

कानाचंही गणित आहे यात. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, ती ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवून आत पाठवते, त्यात आवाज सलग नसून सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरत असेल, किंकाळीत असतो तसा, तर तो खरबरीत लागतो आणि सहन होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राला दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे, पण मीटर आवाज किती मोठा तेवढंच सांगतो, कर्कश किती ते कानच ठरवतो.

मला खटकतं ते वेगळंच. भांडखोर बाईला कर्कशा म्हणायची पद्धत जुनी आहे आणि पुरुषासाठी असा शब्द रोजच्या बोलण्यात नाहीच, तो ओरडला तर त्याचा आवाज चढला म्हणतात, फार तर कडक म्हणतात. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं म्हणून बाई पट्टी चढवतात आणि घरी येऊन मुलं सांगतात, बाईंचा आवाज कसला कर्कश आहे. अरे, किनरा म्हणा, उंच म्हणा, शब्द आहेत की आपल्याकडे!